लॉटरी बंद करावी का यावर वाद घालायच्या आधी काय बघायचं

आधी कोणती लॉटरी ते विचारा, कारण महाराष्ट्र सरकारची १९६९ पासूनची सोडत आणि गल्लीतला मटका लोक सरसकट एकात घालतात. मग केंद्राचा १९९८ चा कायदा काढा, त्यात एका आकड्यावर बक्षीस ठेवायचं नाही आणि एका लॉटरीच्या आठवड्यात एकापेक्षा जास्त सोडती नाहीत असं चक्क लिहिलंय, समोरचा स्टॉल त्यात बसतो का बघा, नसेल तर अर्धा वाद तिथेच मिटला. जिंकलेल्यावर ३० टक्के टॅक्स, वर सेस, तेही धरा. "लोक स्वतःच्या मर्जीने घेतात" म्हणणाऱ्याला विचारा, तिकीट जास्त घेतं कोण, बंगलेवाला की रोजंदारीवाला? मला विचाराल तर सरसकट बंदीने मटकेवाल्याचंच फावतं, त्यापेक्षा सोडतीच कमी करा ना.