जुनी हायब्रिड विकायला काढण्याआधी या चुका टाळा

"मिस्त्री, ही अजून किती वर्षं चालंल?"

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये हायब्रिड गाडी, म्हणजे इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली, आली की बॉनेट उघडायच्या आधी हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याने एकतर गाडी नुकतीच सेकंडहँड घेतलेली असते, नाहीतर विकायला काढायची असते. दोघांच्या डोक्यात बॅटरीशिवाय दुसरं काही नसतं. मी लगेच उत्तर देत नाही. मागचं दार उघडतो आणि सीटजवळची हवेची जाळी बघतो. जाळी बघितली की मालक कसा आहे ते कळतं, आणि गाडी किती चालणार हे बऱ्यापैकी त्याच्यावरच असतं.

आकडाच पाहिजे असेल तर घ्या. निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी, म्हणजे टोयोटाच्या प्रियस, कॅमरी हायब्रिड यांच्यात यायची ती, नीट वापरली तर साधारण दहा ते पंधरा वर्षं जाते. पहिली प्रियस जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये विक्रीला आली, म्हणजे हे तंत्र काही कालचं नाही. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' मासिकाने २०११ मध्ये २००२ ची एक प्रियस तपासली होती. दोन लाख मैलांच्या पुढे पळालेली, म्हणजे आपल्या हिशोबाने सव्वातीन लाख किलोमीटरच्या पुढे. मायलेज आणि पिकअप जवळपास नव्या गाडीएवढंच निघालं. बॅटरी थकली असती तर पहिला फटका मायलेजलाच बसला असता.

एवढं टिकायचं कारण सोपं आहे. गाडीचा कॉम्प्युटर ही बॅटरी कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी पूर्ण उतरूही देत नाही, मधल्या पट्ट्यातच खेळवतो. मोबाइल आपण शून्यापासून शंभरपर्यंत रगडतो आणि तीन वर्षांत बदलतो. तो हिशोब इथे लावू नका.

तसाच दुसरा चुकीचा हिशोब वॉरंटीचा. टोयोटा, मारुती, होंडा यांच्या आत्ताच्या हायब्रिड गाड्यांवर बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी असते. लोक ती दुधाच्या पिशवीवरच्या तारखेसारखी वाचतात. आठवं वर्ष लागलं की गाडी विकायला काढायची, आणि घेणाऱ्यानेही तेच कारण सांगून पन्नास हजार पाडून मागायचे. आठ वर्षं ही कंपनीने घेतलेली जबाबदारी आहे. त्या तारखेनंतर जबाबदारी तुमची, एवढाच फरक.

आणि गाडीच्या पाठीवर 'एसएचव्हीएस' लिहिलं असेल तर यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही. मारुतीच्या सियाझ, अर्टिगातली ती माइल्ड हायब्रिड. ती गाडी नुसत्या बॅटरीवर चालतच नाही, त्यामुळे तिचं आयुष्य साध्या पेट्रोल-डिझेल गाडीसारखंच मोजा. दर महिन्याला एकजण तरी अर्टिगा घेऊन "हायब्रिड बॅटरी चेक करा" म्हणत येतो.

हायब्रिडमध्ये बॅटऱ्या दोन, गाडी ओढणारी मोठी आणि साधी बारा व्होल्टची छोटी. छोटी बसली आणि मोठीवर बिल फाटलं, ही तर रोजची गोष्ट. सकाळी गाडी 'रेडी' होत नाही, डॅशबोर्डवर गणपतीच्या मांडवासारखे सगळे दिवे लागतात आणि मालकाचा चेहरा पडतो. बऱ्याच वेळा दोष साध्या बारा व्होल्टच्या बॅटरीचा असतो. हायब्रिडला वेगळा स्टार्टर नसतो, इंजिन फिरवायचं काम मोठी बॅटरी आणि मोटर करतात. पण मोठ्या बॅटरीचे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, जोडायला आणि कॉम्प्युटर जागे करायला बारा व्होल्टच लागतात. ते नसले की मोठी बॅटरी ठणठणीत असूनही गाडी मुकी. मी सकाळी गाडी झोपलेली असताना मीटर लावतो. साडेबारा व्होल्टच्या आसपास असेल तर निवांत, बारा व्होल्टच्या खाली असेल तर आधी तीच बदलायची आणि मग पुढचं बोलायचं. माझ्या गिऱ्हाइकांची मी चार वर्षांनी बदलूनच टाकतो, गाडी रडो न रडो. डिकीत बसणारी असेल तर तिला गॅस बाहेर काढायची नळी असलेली एजीएमच, म्हणजे पाणी घालावं न लागणारी बंद बॅटरी, बसवा, स्वस्तातली पाण्याची नको. आणि जंप देताना लाल-काळं उलटं लावलं तर काय जळतं ते विचारू नका, त्या बिलात चांगली स्कूटर येते.

आता जाळी. या एका गोष्टीवर मी वर्षातून शंभर वेळा घसा कोरडा करतो.

मोठी बॅटरी मागे असते आणि तिला थंड ठेवायला एक छोटा पंखा केबिनमधली हवा ओढतो. ती हवा मागच्या सीटच्या आसपास असलेल्या जाळीतून जाते. आपल्याकडे गाडी घेतली की दुसऱ्या दिवशी सीट कव्हर शिवायला जाते, आणि कव्हरवाला ती जाळी बिनधास्त झाकून टाकतो. नाहीतर जाळीसमोर पिशव्या, उशा, छत्र्या, लक्ष्मीपुरीतून आणलेलं गुळाचं खोकं. एप्रिल-मेच्या उन्हात गाडी तापलेली, आणि आतली बॅटरी श्वास कोंडून बसलेली.

इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले आहेत. त्यांची गाडी कारखान्याच्या दारात, काचा अर्ध्या खाली, अशी वर्षानुवर्षं उभी. एका गॅरेजने "बॅटरी संपली, नवी घ्या" म्हणून लाखाच्या घरातलं एस्टिमेट दिलं होतं. ते कागद हातात घेऊनच आले. मी सीट काढली, पंख्याचा डबा सोडवला आणि पंखा हातात घेतला तर पातं एकही दिसेना. कापसाचे तंतू आणि धूळ बसून, दाबून घोंगडीच्या तुकड्यासारखा थर झाला होता. नखाने सोलला तर अख्खा गोल निघून आला, पापडासारखा. त्यांच्यासमोर बाकावर ठेवला. बघून म्हणाले, "अहो, हे तर आमच्याच कारखान्यातलं!"

पंखा साफ केला, डक्ट धुतला, सेन्सर तपासले. चार दिवस चालवून तापमान बघितलं, उतरलेलं होतं. त्या बॅटरीवर गाडी पुढे आणखी दोन वर्षं गेली. पण आधी जी भाजली ती भाजलीच, ते वय परत येत नाही. माझी सवय अशी की वर्षातून दोनदा जाळी साफ, पाडव्याला आणि खंडेनवमीला. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायचीच असते, त्यात पंख्याला हळदकुंकू लावलं तरी चालेल, पण आधी ब्रशने साफ करा. कुत्रं मागे बसत असेल तर दर दोन महिन्यांनी.

आता माझी स्वतःची चूक. पोरांना शिव्या घालायच्या तर आधी आपली सांगावी.

गडहिंग्लजचे एक निवृत्त सर. त्यांची २०१३ ची हायब्रिड सेडान. स्क्रीनवरच्या बॅटरीच्या कांड्या पाच मिनिटांत भरायच्या आणि पाच मिनिटांत रिकाम्या व्हायच्या. स्कॅनरवर पी०ए८०. हा कोड म्हणजे बॅटरीतले गट एकमेकांपासून फार फाकलेत. पॅक, म्हणजे अख्खी मोठी बॅटरी, उघडला. आत ३४ मॉड्यूल, प्रत्येकात ६ सेल, एक सेल १.२ व्होल्टचा, एकूण २४४.८ व्होल्ट. चौतिसातलं एक मॉड्यूल बाकीच्यांपेक्षा बरोबर एका सेलएवढं खाली होतं. मला काय आनंद झाला! जुन्या पॅकमधलं एक मॉड्यूल आणलं, बसवलं, कोड पुसला. सर खूश, मी त्याहून खूश. अख्खा पॅक सांगणाऱ्यांना मी त्या दिवशी चोर म्हणालो होतो.

तीन महिन्यांनी सर परत. आता दुसरं मॉड्यूल. बदललं. सर काही बोलले नाहीत, पण चहाही घेतला नाही. जुलैमध्ये रात्री साडेनऊला फोन, "मिस्त्री, आंबा घाटात आहे, लाल त्रिकोण आलाय, गाडी ओढत नाही." लेकीकडे रत्नागिरीला निघालेले. धुकं इतकं की पुढच्या गाडीचा दिवा दिसेना, पाऊस आडवा. क्रेन घेऊन पोचायला साडेअकरा वाजले. त्यांच्या बाई गाडीत शाल पांघरून बसल्या होत्या. सर एवढंच म्हणाले, "तुमचा सेल झाला की नाही अजून?"

त्या रात्रीनंतर मी ही बॅटरी खरं काय असते ते शिकलो. सगळी मॉड्यूल एका माळेत असतात, एकाच वयाची, एकच ऊन खाल्लेली. एक गेलं म्हणजे बाकीची रांगेत उभी आहेत. मधली आधी जातात, कारण मधे उष्णता जास्त. वर माझं आणलेलं मॉड्यूल वेगळ्या ताकदीचं, ते इतरांबरोबर भरेना आणि उतरेना, कॉम्प्युटर परत गोंधळला. बैलजोडीत एक बैल दमलेला असेल तर दुसरा नवा लावून शर्यत जिंकत नाही, जू मोडतं.

आता मी काय करतो? प्रत्येक मॉड्यूलला नंबर टाकतो, एकेकाला हेडलाइटचा बल्ब लावून दोन मिनिटं लोड देतो आणि व्होल्टेज किती पडलं ते वहीत लिहितो. नुसतं मीटर लावून काही कळत नाही, विश्रांतीत सगळीच पहिलवान दिसतात. जोडपट्ट्या काढून घासतो. आपल्या पावसाळी हवेत त्यांवर हिरवं चढतं, आणि नुसत्या त्या हिरव्यानेही कोड येतो. दोनदा तर पट्ट्या साफ करूनच गाडी घरी गेली आहे, एकही मॉड्यूल न बदलता. पण लोडखाली दोन-तीनपेक्षा जास्त मॉड्यूल बसली तर मी ठिगळ लावत नाही. पूर्ण पॅक, नाहीतर दुसरीकडे जा. सरांना पूर्ण पॅकच बसवला, मजुरी घेतली नाही. ते आता चहा घेतात.

यूट्यूब बघून घरी पॅक उघडणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. मॉड्यूल चिमट्यातून सोडवून मोकळी चार्ज केली तर फुगतात, मग परत बसत नाहीत. आणि दोनशे व्होल्ट डीसी चूक माफ करत नाही. काही मॉडेलमध्ये इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला देणारा डबा, तेच साडेसहाशेपर्यंत चढवतो. गाडी बंद, चावी लांब, बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढून स्वतःच्या खिशात, आणि मग वीज साठवून बसलेले कपॅसिटर उतरायला दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत मी कोपऱ्यावर जाऊन चहा पितो. आमच्या शेडमधल्या नव्या पोराने एकदा विचारलं, "काका, पाच मिनिटं चालत न्हाईत काय?" त्याला त्या दिवशी जास्त व्होल्टच्या नारंगी वायरीपासून लांब, टायर काढायला बसवला.

बाकीच्या चुका पटापट.

गगनबावड्याचा घाट उतरताना न्यूट्रल टाकू नका. टोयोटाच्या पद्धतीत न्यूट्रलला मोठी बॅटरी चार्ज होतच नाही, फुकटात मिळणारी वीज ब्रेकमध्ये जाळता. डी मध्ये राहा, उतार लांब असेल तर बी, म्हणजे इंजिनने गाडी रोखायचा गिअर, लावा. बॅटरी भरली की उतारावर इंजिन आपोआप घुमायला लागतं. तो बिघाड नाही, ते गाडीला धरून ठेवतंय.

"हायब्रिडचे ब्रेक पॅड संपतच नाहीत" हे खरं, म्हणूनच कुणी चाक काढत नाही, आणि कॅलिपरच्या पिना गंजून जाम होतात. दर पावसाळ्यानंतर काढून ग्रीस.

इन्व्हर्टरच्या कूलंटची टाकी इंजिनच्या टाकीपेक्षा वेगळी असते. तिच्यात नळाचं पाणी ओतणाऱ्याशी मी बोलत नाही.

'लाइफटाइम ऑइल' यावर माझा विश्वास नाही. गिअरबॉक्सचं ऑइल ऐंशी हजारला बदलतो, कंपनी काहीही म्हणो. एकदा काळं निघालेलं बघितलं की तुम्हीही बदलाल.

गाडी पुण्याच्या मुलाने ठेवून दिली आणि सहा महिने कुणी हलवली नाही, तर मोठी बॅटरी आपोआप उतरते. पंधरवड्यातून अर्धा तास तरी रंकाळ्याला चक्कर मारा. जागेवर सुरू करून ठेवणं ही चक्कर नव्हे.

सेकंडहँड घेताना डिकीचा तळ उचला, सीटखालचं कार्पेट उचला. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेने शिरोलीजवळ हायवेही बंद पाडला होता, गाड्यांचं काय घेऊन बसलात. कोपऱ्यात वाळलेल्या गाळाची रेघ दिसली तर किंमत कितीही कमी असो, हात जोडून निघा. एमएच-०९ म्हणजे कोल्हापूरची नसलेली गाडी कोरडीच असते असंही नाही.

आणि उंदीर. ऊसतोड सुरू झाली की फडातले उंदीर वस्तीकडे पळतात, आणि गरम बॉनेटएवढी उबदार जागा त्यांना मिळत नाही. वायरीचं आवरण कुरतडलं की कधी वीज गळतीचा (लीकेजचा) कोड येतो, आणि तो शोधायला दोन दिवस जातात. मी बॉनेटच्या कोपऱ्यात फडक्याच्या पुरचुंडीत निपाणीच्या तंबाखूची पानं बांधून ठेवतो, दर महिन्याला नवी. शेडमधला पोरगा हसतो. गेल्या हंगामात शेजारच्या शेडमधल्या तीन गाड्यांची वायरिंग गेली, तेव्हा त्यानेच येऊन विचारलं, "काका, ती पुरचुंडी कशी बांधायची?"