युद्धवार्तांकनाला निघताय? मुंबईतच उरकायची कामं

युद्धभूमीवर पहिल्यांदा जाणारा बातमीदार आधी जॅकेट-हेल्मेटची चौकशी करतो. पहिली खरेदी खरं तर टुर्निकेची, म्हणजे हात-पाय आवळून रक्तस्राव थांबवणाऱ्या पट्ट्याची हवी. लिबियातल्या मिसरातात २० एप्रिल २०११ रोजी छायाचित्रकार टिम हेदरिंग्टन यांना स्फोटाचा तुकडा जांघेत लागला आणि रुग्णालयाच्या वाटेवर पिकअपमध्येच रक्तस्रावानं त्यांचा जीव गेला. सोबतच्या कुणाला रक्त थांबवता आलं असतं तर कदाचित वाचले असते. त्यांचे सहकारी सबॅस्टियन युंगर यांनी त्यानंतर फ्रीलान्सरांसाठी नेमकं हेच शिकवायला सुरुवात केली.

गॉझ, हातमोजे, कात्री, बँडेज प्रिन्सेस स्ट्रीटवर सहज मिळतं. पण ‘टुर्निके द्या’ म्हटलं की बहुतेकदा रक्त काढताना दंडाला आवळतात तो पट्टा पुढ्यात येतो. मांडीच्या धमनीपुढे त्याचा काही उपयोग नाही. रुंद पट्टा आणि पिळायला दांडी असलेलाच घ्या. स्वस्त नकलांची दांडी ऐन वेळी वाकते किंवा मोडते. जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांधा सोडून बांधायचा, रक्त थांबेपर्यंत पिळायचा, वेळ लिहायची. जखमी माणूस ओरडेल, तरी सैल करायचा नाही. जखम जांघेत वर असेल तर टुर्निके बसतच नाही. तिथे गॉझ जखमेत ठासून भरायचा आणि दोन्ही हातांनी सगळं वजन टाकून दाबून धरायचा. टुर्निके दोन हवेत, जॅकेटच्या बाहेरच्या अंगाला, कुठलाही हात पोचेल असे. सरावासाठी तिसरा वेगळा ठेवा, कारण वापरून वापरून पट्टा झिजतो. सराव अंधारात आणि एका हातानं करा.

जॅकेटचं थोडक्यात. नुसतं मऊ, लेव्हल थ्री-ए (ही संरक्षणाची श्रेणी) जॅकेट पिस्तुलाची गोळी आणि बारीक तुकडे अडवतं. रायफलसाठी आत कडक प्लेट लागतात. लेव्हल फोरची एकेक प्लेट साधारण ३ किलोची, म्हणजे सगळं मिळून १० किलोच्या आसपास. ते अंगावर घालून महिनाभर घरचे चार जिने रोज चढा, मग धावायचं म्हणजे काय ते कळेल. भारतातून असं जॅकेट नेणं निर्यात-नियंत्रणाच्या कक्षेत येऊ शकतं, म्हणून विमान कंपनी आणि कस्टम्सला आधी लेखी विचारा. तिथे पोचून भाड्यानं किंवा उसनं मिळालं तर बरंच. ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही पत्रकारांची संघटना तशी मदत करते. छातीवरच्या ‘प्रेस’ या अक्षरांवर मात्र विसंबू नका. वेस्ट बँकेतल्या जेनिनमध्ये ११ मे २०२२ रोजी गोळी लागून मारल्या गेलेल्या अल जझीराच्या बातमीदार शिरीन अबू अक्लेह यांच्या अंगावर ते जॅकेट होतं आणि डोक्यावर हेल्मेटही होतं.

सैन्याच्या तुकडीसोबत जाणार असाल तर एक प्रश्न आधीच विचारा: माघार घेताना डोकी कोण मोजणार? दानिश सिद्दिकी रॉयटर्सचे, काही वर्षं मुंबईत काम केलेले छायाचित्रकार. १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानच्या कंदाहार प्रांतातल्या स्पिन बोल्दाकमध्ये ते जखमी होऊन मशिदीत उपचार घेत होते. रॉयटर्सच्या नंतरच्या वृत्तानुसार, ते गाडीत चढले असावेत अशा समजुतीनं तुकडी मागे फिरली. एका नावाची हाक राहून गेली आणि ते मारले गेले. आपला माणूस, आपली गाडी आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा, तिन्ही रोज सकाळी ठरवायचं.

जुनी ओळखपत्रं घरी ठेवा. १३ मार्च २०२२ रोजी युक्रेनच्या इरपिनमध्ये अमेरिकी पत्रकार ब्रेंट रेनो मारले गेले तेव्हा त्यांच्याजवळ न्यूयॉर्क टाइम्सचं जुनं कार्ड निघालं, आणि ते त्या दैनिकासाठीच तिथे होते असं लगेच पसरलं. भलत्या नाक्यावर भलतं कार्ड निघालं तर त्यावरूनच उलटतपासणी सुरू होईल.

सॅटेलाइट फोनची गोष्ट दुहेरी आहे. सीरियातल्या होम्समध्ये बातमीदार मेरी कोल्विन २२ फेब्रुवारी २०१२ रोजी, थेट प्रक्षेपणांच्या दुसऱ्याच दिवशी, मारल्या गेल्या. सिग्नलचा माग काढल्याचे आरोप पुढे अमेरिकी न्यायालयात मांडले गेले. म्हणून बोलणं आटोपशीर, उघड्यावर आणि मुक्कामापासून दूर. दुसरी बाजू सहार विमानतळाची: थुराया किंवा इरिडियम कंपनीचा सॅटेलाइट फोन दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय भारतात आणणं गुन्हा आहे. परतताना तो तिथेच सोडून या.

आता बेपत्ता होण्याची तयारी. हे कुणीच करत नाही. मुंबईतला एकच माणूस नेमा, ठरलेल्या वेळी ठरलेला निरोप. कीव्ह उन्हाळ्यात आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं, हिवाळ्यात साडेतीन; वेळ भारतीय घड्याळानंच ठरवा. निरोप चुकला तर किती वेळानं फिक्सरला (तिथल्या स्थानिक मदतनिसाला), मग दूतावासाला, मग रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीला फोन जाईल, ते कागदावर असू द्या. तुम्ही जिवंत आहात याची खातरजमा होईल असे तीन प्रश्नही पाकिटात बंद करून ठेवा. उत्तरं फेसबुकवर सापडणारी नकोत. आजोळच्या कुत्र्याचं नाव चालेल, शाळेचं नाही.

मग कायदा. छायाचित्रकार शॉन फ्लिन ६ एप्रिल १९७० रोजी कंबोडियात बेपत्ता झाले आणि कायद्यानं मृत ठरले १९८४ मध्ये. आपल्याकडे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १११ नुसार ७ वर्षं काहीच खबर नसेल तर मृत्यू गृहीत धरता येतो. तोवर नॉमिनी असून नसल्यासारखा, कारण त्याचा हक्क मृत्यूनंतरचा. म्हणून एक संयुक्त खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचं, म्हणजे दोघांपैकी कुणालाही चालवता येणारं उघडा आणि सोसायटीचं मेंटेनन्स व घरकर्जाचे हप्ते त्यातून लावा. विम्याचे हप्तेही त्याच खात्यातून जाऊ द्या: मृत्यू गृहीत धरला जाईपर्यंत हप्ते थकले आणि पॉलिसी बंद पडली, तर घरच्यांना पूर्ण रक्कम मिळत नाही. युद्धातला मृत्यू पॉलिसीत वगळलेला नाही ना, तेही शाखेतून लेखी घ्या. साध्या प्रवास विम्यात तो सहसा वगळलेलाच असतो. आणि पाकीट कुणाकडे आहे ते घरात किमान दोघांना ठाऊक असू द्या.