मेंदूच्या संशोधनात येताय? खानापूरच्या वाटेने आलेलीचे चार अनुभव

पीएचडी संपवून गावी आले तेव्हा आजी सगळ्यांना सांगत होती, "आमची पोरगी मेंदूची डॉक्टर झालीया." दुसऱ्याच दिवशी शेजारचे काका फिट येणाऱ्या नातवाला घेऊन दारात उभे. त्यांना बेळगावच्या न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं, पण त्या मुलाचा चेहरा मनातून गेला नाही. म्हणून खानापूर-निपाणीकडची मुलं विचारायला आली की आधी हेच सांगते: रुग्ण बरे करायचे असतील तर एमबीबीएसची वाट धरा. मेंदू चालतो कसा, हा प्रश्न स्वस्थ बसू देत नसेल तर आमच्याकडे या.

माझं दहावीपर्यंत सगळं मराठीतून, बाजारात कन्नड, आणि अकरावीला बेळगावात एकदम इंग्रजी. ते पहिलं वर्ष फार जड गेलं. पुढे प्राणिशास्त्रात बीएस्सी, धारवाडला एमएस्सी, मग सीएसआयआर-नेट, म्हणजे विज्ञानातल्या संशोधनासाठीची देशपातळीवरची परीक्षा. नेट वर्षातून दोनदा होते. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं, दोन वर्षांनी 42,000. हा आकडा घरच्यांना लवकर सांगा. अजून पाच-सहा वर्षं शिकणार म्हटल्यावर बाबा गप्प झाले होते. दर महिन्याला पैसे येतात हे कळल्यावर त्यांनीच बॅग भरायला घेतली. मुंबईची टीआयएफआर आणि बेंगळुरूची एनसीबीएस या संशोधनसंस्थांची प्रवेशपरीक्षा वेगळी असते, तीही द्या. या विषयात भौतिकशास्त्र, इंजिनिअरिंग, मानसशास्त्र कुठूनही येता येतं. प्रोग्रॅमिंग मात्र बीएस्सीतच शिका. मी ते पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी शिकले आणि तोवर माझीच मोजमापं मला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागत होती.

माझं काम उंदराच्या हिप्पोकॅम्पसवर, म्हणजे मेंदूतल्या जागा आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागावर. केसाहून बारीक तारा तिथे पोहोचवायच्या, उंदराला मोकळं फिरू द्यायचं आणि पेशींचे विद्युत-स्पंद स्पीकरवर ऐकायचे. पहिल्या दीड वर्षात नुसती खरखर. एका संध्याकाळी उंदीर डाव्या कोपऱ्यात गेला आणि स्पीकर तडतडू लागला, पंचमीला जोंधळ्याच्या लाह्या फुटाव्यात तसा. कोपरा सोडला की गप्प. परत आला की पुन्हा तडतड. ठरावीक जागी आल्यावरच तडतडणारी ही स्थान-पेशी मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांनी 1971 मध्येच दाखवली होती, मला काहीच नवं सापडलं नव्हतं. तरी त्या रात्री झोप आली नाही.

ओकीफना नोबेल मिळालं 2014 मध्ये. मध्ये 43 वर्षं गेली. हे सांगते, कारण नवी मुलं पहिल्या महिन्यातच एच-इंडेक्स विचारतात, म्हणजे संशोधकाच्या निबंधांचा इतरांनी किती उल्लेख केला ते मोजणारा आकडा. हा आकडा 2005 मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडला. समजा तुमच्या पाच शोधनिबंधांना 40, 22, 9, 5 आणि 3 उद्धरणं आहेत, म्हणजे इतरांच्या निबंधांत त्यांचे तितके उल्लेख आहेत. निदान चार निबंधांना चार किंवा जास्त आहेत, पण पाचांना पाच नाहीत. म्हणून एच-इंडेक्स 4. पहिल्याला 40 च्या जागी 4,000 असती तरी उत्तर 4 च. नोकरीच्या अर्जात हा आकडा पाहिला जातो, त्यामुळे तो कळायला हवा. त्यावरून गाईड मात्र निवडू नका. त्या लॅबमधून गेल्या पाच वर्षांत कोण बाहेर पडलं, त्यांच्या नावावर काय छापून आलं आणि ते आज कुठे आहेत, हे त्यांनाच फोन करून विचारा.

मला आधार वाटतो तो स्पेनचे मेंदूशास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांचा. मज्जापेशी सुट्या असतात, सलग जाळं नसतं, हे त्यांनी स्पॅनिशमध्ये लिहिलं. युरोपातल्या मोठ्या लॅबमध्ये ते वाचणार कोण? 1888 मध्ये त्यांनी स्वतःच्या खर्चाने नियतकालिक काढलं, प्रती परदेशी धाडल्या. तरीही शांतता. मग 1889 मध्ये स्लाइड घेऊन ते थेट बर्लिनच्या अधिवेशनात गेले आणि एकेकाला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावून दाखवू लागले. तिथे कोलिकरसारख्या मातब्बर शरीररचनाशास्त्रज्ञाला ते पटलं. 1906 चं नोबेल त्यांना इटलीच्या गोल्जींसोबत विभागून मिळालं, आणि पेशी रंगवण्याच्या ज्या पद्धतीवर काहालांचं काम उभं होतं ती गोल्जींचीच.

माझ्या बाबतीतही पद्धतच चालली. ज्या निबंधावर तीन वर्षं घातली तो फारसा कुणी वाचला नाही. कुठला स्पंद कुठल्या पेशीचा हे वेगळं करण्याचा छोटा प्रोग्रॅम मात्र मी नीट टिपणं लिहून सगळ्यांना खुला केला, आणि अनोळखी लॅबमधून पत्रं येऊ लागली. आता प्रत्येक विद्यार्थ्याकडून कच्ची मोजमापं आणि कोड पहिल्या दिवसापासून नीट लावून घेते.

उन्हाळी प्रशिक्षणासाठी ईमेल करताना "रिस्पेक्टेड सर" एवढ्यावर थांबू नका. त्या लॅबचे दोन निबंध वाचा, न समजलेली एक आकृती निवडा आणि तिच्याबद्दलच विचारा. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी पुन्हा लिहा. बेंगळुरूला मुलाखतीला बोलावलं तर राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचं तिकीट लगेच काढा, ती गाडी लवकर भरते.