परीक्षण चोरीला गेले, टॅग बदलला: अ‍ॅफिलिएट लेखकाने काय करावे

मिक्सर, प्रेशर कुकर किंवा वॉटर प्युरिफायरची परीक्षणे लिहून त्यातल्या लिंकवरून झालेल्या खरेदीवर कमिशन मिळवणाऱ्याचा, म्हणजे अ‍ॅफिलिएट लेखकाचा, लेख दुसऱ्याच वेबसाइटवर दिसला, तर संतापाने ईमेल लिहायला बसण्याआधी चोरी कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे. काही वेबसाइट आपल्या आरएसएस फीडमधून (नवे लेख आपोआप बाहेर पाठवणाऱ्या यादीतून) लेख यंत्रानेच उचलतात, आणि अशा नकलेत बहुधा आपल्याच लिंक तशाच राहतात. काही ठिकाणी मात्र कोणीतरी लेख उचलून लिंकमधला टॅग, म्हणजे कमिशन कोणाचे ते सांगणारी खूण, बदलून स्वतःचा घालतो. हे ओळखण्यासाठी त्या पानावरच्या खरेदीच्या बटणावर क्लिक न करता माउस नुसता त्यावर नेऊन खाली उमटणारा पत्ता वाचावा. अ‍ॅमेझॉन इंडियाच्या लिंकमध्ये 'टॅग' या शब्दापुढे येणारा आणि -२१ ने संपणारा आयडी कमिशन कोणाच्या खात्यात जाते ते सांगतो, म्हणून तो जसाच्या तसा उतरवून घ्यावा.

टॅग आपलाच असेल तर फुकटची जाहिरात झाली असे समजून गप्प बसू नये. अ‍ॅफिलिएट खात्यात आपल्या वेबसाइटची नोंद द्यावी लागते, आणि नोंद नसलेल्या ठिकाणाहून आपल्या टॅगवर क्लिक येऊ लागले तर जाब आपल्याला विचारला जाऊ शकतो. तेव्हा संबंधित अ‍ॅफिलिएट कार्यक्रमाला आपण होऊन लेखी कळवलेले बरे.

तक्रार कशाबद्दल करता येते, याचाही प्रामाणिक हिशेब करावा. वॉट, लिटर, किंमत ही माहिती कोणाच्याही मालकीची नसते, आणि कंपनीने किंवा विक्रेत्याने दिलेले उत्पादनाचे छायाचित्र आपले नसल्यामुळे त्यावर आपला दावा चालत नाही. आपल्या ओट्यावर काढलेला, झाकणाच्या कडेला चटणी लागलेल्या भांड्याचा फोटो मात्र आपला असतो आणि चाचणीचे आपल्या शब्दांतले वर्णनही आपले असते. भारतात प्रताधिकारासाठी (कॉपीराइटसाठी) नोंदणी सक्तीची नाही. परीक्षण किंवा टीका करताना दोन-चार ओळी श्रेय देऊन उद्धृत केल्या असतील, तर १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये त्याला मुभा आहे, हेही ध्यानात ठेवावे.

कोणालाही लिहिण्याआधी पुरावा गोळा करावा, कारण पहिला ईमेल पोहोचताच पान बदलले जाण्याची शक्यता असते. पत्ता आणि तारीख दिसेल असा पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्यावा, ते पान वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या संग्रहात) जतन करावे आणि आपल्या लेखाची जुनी नोंद तिथे सापडते का तेही पाहावे. फोटोची मूळ फाइल कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीतून तारीख आणि कॅमेऱ्याचा तपशील निघून जातो. प्रकरण न्यायालयात जाण्याची शक्यता असेल, तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार द्यावयाच्या प्रमाणपत्राबद्दल वकिलाला आधीच विचारावे.

नकलेच्या मालकाला एक छोटा, सभ्य ईमेल जरूर करावा, पण उत्तराची वाट पाहत आठवडे घालवू नयेत. खरे काम होस्टिंग कंपनीकडे, म्हणजे ती वेबसाइट जिच्या सर्व्हरवर असते तिच्याकडे, होते. हूइज शोधात (वेबसाइटची नोंद कोणाकडे आहे ते दाखवणाऱ्या शोधात) क्लाउडफ्लेअर या मधली सेवा देणाऱ्या कंपनीचे नाव दिसले तर बहुतेक वेळा खरा होस्ट त्यामागे झाकलेला असतो. क्लाउडफ्लेअरच्या तक्रार अर्जातून तक्रार मूळ होस्टकडे पाठवली जाते. होस्ट अमेरिकेतला असल्यास १९९८ च्या डीएमसीए या अमेरिकी प्रताधिकार कायद्यानुसार नोटीस द्यावी. तीत आपली मूळ कृती, नकलेच्या प्रत्येक पानाचा पत्ता, आपला संपर्क, हा वापर परवानगीविना झाल्याची सद्भावनापूर्वक खात्री, माहिती अचूक असल्याचे व आपण अधिकृत असल्याचे शपथेवरचे विधान आणि सही असावी लागते.

भारतीय मध्यस्थाकडे (दुसऱ्यांचा मजकूर साठवणाऱ्या किंवा दाखवणाऱ्या सेवेकडे) २०१३ च्या प्रताधिकार नियमांतील नियम ७५ खाली तक्रार करता येते आणि खात्री पटल्यास त्याने ३६ तासांत त्या मजकुराची वाट बंद करायची असते. परंतु या तक्रारीत, आपण दावा दाखल करून २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणू, अशी हमी द्यावी लागते; आदेश आला नाही तर मजकूर पुन्हा खुला होऊ शकतो. काहीशे रुपयांच्या कमिशनसाठी ही हमी देणे मला व्यवहार्य वाटत नाही.

गूगलकडे वेगळा अर्ज करावा, पण त्यामुळे पान फक्त शोधनिकालातून जाते, वेबसाइटवरून नव्हे. अशा नोटिसांच्या प्रती ल्युमेन या नोटिसांच्या जाहीर संग्रहात जाऊ शकतात, त्यामुळे टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी. टॅग बदललेला असेल तर उतरवून घेतलेला आयडी, दोन्ही पानांचे पत्ते आणि स्क्रीनशॉट अ‍ॅफिलिएट कार्यक्रमाला पाठवावेत; माझ्या मते टॅग बदललेल्या चोरीत हाच सर्वांत महत्त्वाचा अर्ज आहे, कारण चोराची कमाई त्याच खात्यात जमा होत असते.

खोट्या किंवा अतिरंजित तक्रारीचा भुर्दंड मात्र आपल्यावर येऊ शकतो: डीएमसीएमध्ये जाणूनबुजून केलेल्या चुकीच्या विधानाबद्दल भरपाई द्यावी लागू शकते, आणि भारतीय प्रताधिकार कायद्याच्या कलम ६० नुसार निराधार धमकीविरुद्ध समोरचाही न्यायालयात जाऊ शकतो.

पुढच्या वेळेसाठी वर्डप्रेसच्या वाचन सेटिंगमध्ये फीडमधून पूर्ण लेखाऐवजी सारांश जाईल असे करावे. नाव फोटोच्या कोपऱ्यात टाकले तर ते कापून टाकता येते, म्हणून ते वस्तूवरच फिकट उमटवावे. आपल्या सर्व्हरवरून परस्पर चित्रे ओढणे बंद करताना गूगल इमेजेसला सूट ठेवावी, नाहीतर चोराबरोबर वाचकही बाहेर राहतील.

डीएमसीए नोटिशीला समोरच्याने प्रतिनोटीस दिली, म्हणजे मजकूर चुकीने हटवला असे कळवले, तर तिची प्रत आपल्याकडे येते आणि आपण दावा दाखल केल्याचे न कळवल्यास साधारण १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत होस्ट पान पुन्हा सुरू करतो. तेवढ्या मुदतीत वकिलाचा खर्च आणि त्या लेखाची महिन्याची कमाई समोरासमोर मांडून पुढे जायचे की नाही ते ठरवावे.