खडकवासल्याच्या जुलै तुकडीसाठी उन्हाळ्यातली तयारी: आधी हाडं, मग दम

सप्टेंबरमधली एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची लेखी परीक्षा, एसएसबी (सेवा निवड मंडळाची मुलाखत) आणि मेडिकल असे टप्पे ओलांडलेल्या मुलामुलींची तुकडी पुढच्या जुलैच्या सुरुवातीला पुण्याजवळच्या खडकवासल्यात सुरू होते. गुणवत्ता यादी लागल्यापासून हाताशी साधारण दहा आठवडे उरतात आणि ते नेमके भर उन्हाळ्याचे असतात. यादीत नाव दिसलं की दुसऱ्या दिवसापासून रोज पाच-सहा किलोमीटर पळायचं, असं अनेक जण ठरवतात. नुकसान इथूनच सुरू होतं.

दम दोन-तीन आठवड्यांत वाढलेला जाणवतो. स्नायूंना सहा ते आठ आठवडे लागतात, हाडांना काही महिने. नवा भार पडला की हाड आधी जुना थर झिजवतं आणि मग त्या जागी नवा भरतं. मधल्या तीन-चार आठवड्यांत ते आधीपेक्षा थोडं कमजोरच असतं. दम वाढलेला असल्यामुळे पळणारा नेमकं तेव्हाच अंतर वाढवतो आणि नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो. एनडीएत जाणाऱ्यांचं वय साडेसोळा ते साडेएकोणीस, म्हणजे काहींची हाडं अजून वाढत असतात. त्यांनी तर जास्तच सांभाळायला हवं.

असा तडा भरून यायला सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. तीन वर्षांच्या सहा टर्म असतात आणि पहिल्या टर्ममधलं बरंच प्रशिक्षण बुडलं तर रेलिगेट होण्याची, म्हणजे सहा महिने मागे जाऊन पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा सुरुवात करण्याची वेळ येऊ शकते. म्हणून न दुखावलेल्या पायांनी आत जाणं, हेच या दहा आठवड्यांचं पहिलं उद्दिष्ट ठेवा.

किती तयारी हवी, हे यूपीएससीच्या अधिसूचनेतच दिलेलं असतं: 2.4 किलोमीटर 15 मिनिटांत, पुशअप आणि सिटअप किमान 20-20, चिनअप किमान 8, 3 ते 4 मीटर दोर चढणं आणि दोरीच्या उड्या. ही किमान पातळी आहे. 400 मीटरच्या मैदानावर 2.4 किलोमीटर म्हणजे सहा फेऱ्या, दर फेरीला अडीच मिनिटं. दोन मिनिटांची फेरी सहाही वेळा सारख्या वेगाने जमली तर 12 मिनिटं होतात. तिथे पोहोचलात की वेळेच्या मागे लागू नका.

पळण्याचे आठवडे

आठवड्यातून तीनच दिवस पळा आणि मध्ये किमान एक दिवस मोकळा सोडा. डांबरी रस्त्यापेक्षा मातीचं मैदान बरं. शाळेचं मैदान खडबडीत असेल तर आधी चालत एक फेरी मारून खड्डे बघून घ्या, घोटा मुरगळण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

पहिले दोन आठवडे दोन मिनिटं हळू पळणं आणि एक मिनिट चालणं, असं 20 मिनिटं करा. तिसऱ्या आठवड्यात न थांबता 2 किलोमीटर. चौथ्यात एकूण अंतर एक-तृतीयांशाने कमी करा. हा आठवडा सगळ्यांना वाया गेल्यासारखा वाटतो, पण हाड भरून येतं ते अशाच आठवड्यात, तो गाळू नका. पाचव्यात अडीच, सहाव्यात पावणेतीन, सातव्यात तीन किलोमीटर. आठव्यात पुन्हा उतार, आणि त्याच आठवड्यात एकदा 2.4 किलोमीटरची वेळ घ्या. नवव्यात सव्वातीन. दहाव्यात अंतर निम्म्यावर आणा. आधीपासून नियमित पळत असाल तर आजच्या अंतरापासून सुरुवात करा, पण दर आठवड्याची वाढ दहा टक्क्यांच्या आसपासच ठेवा. आणि अंतर व वेग एकाच आठवड्यात वाढवू नका.

उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस सायकल चालवा किंवा पोहा. अकादमीत सायकल रोजच्या वापराची आहे आणि पोहणं प्रशिक्षणाचा भाग आहे. पोहता येत नसेल तर निदान पाण्याची भीती तरी या उन्हाळ्यात घालवा. तेही शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, विहिरीत किंवा धरणाच्या पाण्यात एकट्याने नाही.

नडगी दुखायला लागली तर बोटाने तपासा. आतल्या कडेने चार-पाच बोटं लांबीची पट्टी दुखत असेल आणि पळायला लागल्यावर दुखणं कमी होत असेल, तर ती बहुधा सूज असते. आठवडाभर पळणं थांबवून सायकल चालवा. बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल, पळताना ती वाढत असेल किंवा रात्री झोपेतही दुखत असेल, तर तडा समजून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये असा तडा अनेकदा दिसत नाही. त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून लगेच पळायला लागू नका, गरज वाटली तर डॉक्टर एमआरआय सांगतात. आणि भार दिल्यावर जांघेत खोलवर दुखत असेल तर एक दिवसही थांबू नका. मांडीच्या हाडाच्या मानेला गेलेला तडा सरकला तर शस्त्रक्रिया करावी लागते. वेदनाशामक गोळी खाऊन पळणं हा सगळ्यात वाईट मार्ग.

दांडी, दोर आणि जोर

आठ चिनअप हा आकडा अनेकांना अडवतो. एकही जमत नसेल तर स्टुलावर चढून हनुवटी दांडीच्या वर घ्या आणि पाच सेकंद मोजत सावकाश खाली या. असे तीन-तीनचे चार संच, आठवड्यातून तीनदा. पहिली पूर्ण चिनअप जमली की संच छोटे आणि जास्त ठेवा: दोन-दोनचे पाच संच दोन दमछाक संचांपेक्षा लवकर फळ देतात. झटका देऊन, पाय हलवून वर जाऊ नका. ती चिनअप धरली जात नाही आणि खांदा दुखावतो.

तालमीतले जोर अंगाला उत्तमच, पण पुशअपच्या मोजणीत धरू नका. पुशअपमध्ये डोक्यापासून टाचेपर्यंत अंग सरळ राहायला हवं. दोर चढताना ताकद पायांची लावा: दोर एका पायाच्या बाहेरून घेऊन दुसऱ्या पायाने चिमटीत धरा, गुडघे वर घ्या, मग पाय सरळ करत उभे राहा. उतरताना हात एकाखाली एक टाका. घसरत आलात तर तळहात सोलवटतात आणि पुढचा आठवडा दांडीला हात लावता येत नाही. दोरीच्या उड्या मातीवर, कमी उंचीच्या, एक-एक मिनिटाचे तीन संच. फ्रंट रोल, म्हणजे पुढची कोलांटी, वाळूवर किंवा गादीवर शिका, हनुवटी छातीला चिकटलेलीच हवी.

ऊन आणि पाणी

शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणजे दुपारी पळायचं असं मुळीच नाही. सकाळी साडेपाच ते सात ही वेळ धरा. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात साडेसातनंतर मैदानावर राहू नका. कोकणात तापमान कमी असलं तरी दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. तिथे वेग कमी ठेवा.

पळण्याआधी दोन-तीन तासांत अर्धा लिटर पाणी, नंतर तहानेप्रमाणे. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसं आहे. खूप घाम गेल्यावर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून घ्या, मीठ याहून जास्त नको. नुसतं पाणीही बेसुमार पिऊ नये. तासाला दीड लिटरच्या वर गेलात तर रक्तातलं सोडियम उतरून मळमळ, डोकेदुखी, झटके येऊ शकतात.

सोबतचा पळणारा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा कोसळला, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीही. कपडे सैल करा, मिळेल तितक्या गार पाण्यात बसवा किंवा अंगभर सतत पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी 108 वर फोन करा. आधी थंड करायचं, मग हलवायचं. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पाय आणि पावसाळा

जुलैत खडकवासल्यात पाऊस असतो. ओले मोजे, घट्ट बूट आणि दिवसभर उभं राहणं यातून फोड, चिखल्या आणि जांघेतलं गजकर्ण होतं. गणवेश आणि बूट अकादमीकडून मिळतात, पण कडक बुटांची सवय घरीच करता येते. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना जाड मोजे घालून बूट घ्या. सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. पहिले चार दिवस घरात अर्धा तास, मग एक किलोमीटर चालणं, मग तीन. बुटात पळू नका.

टाचेला चुरचुर लागताच थांबून चिकटपट्टी लावा, फोड यायच्या आतच. आलेला फोड लहान असेल तर फोडू नका. मोठा असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी तशीच ठेवा. बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करा, अंतर्वस्त्रं रोज बदला. गजकर्णावर दुकानदाराने दिलेलं मिश्र मलम लावू नका. त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं: खाज थांबते, पण बुरशी पसरते.

बाकीचं

मुलींनी आत्ताच हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. रक्त कमी असेल तर दम वाढत नाही, आणि पाळी अनियमित झाली असेल तर हाडांचा धोकाही वाढतो. जेवणाला लागून चहा घेऊ नका, त्याने लोह कमी शोषलं जातं. नाचणी, डाळी, दही, अंडी, शेंगदाणे यांनी काम भागतं, पावडरचे डबे नकोत. उठण्याची वेळ दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणत साडेचारवर आणा, झोपण्याची वेळही तितकीच. किडलेला दात आता भरून घ्या. जुनी दुखापत रुजू होताना डॉक्टरांपासून लपवू नका.

शेवटच्या दहा दिवसांत नवा व्यायाम, नवे बूट, गावातली स्पर्धा काहीच नको. निघण्याच्या दोन दिवस आधी नखं सरळ रेषेत कापा, कोपरे गोल करू नका, नाहीतर नख मांसात रुततं.