सीसा परीक्षेचा स्वयंअभ्यास : साहित्य निवडताना

माहिती-प्रणालींच्या लेखापरीक्षणाची सीसा ही परीक्षा आयसाका ही आंतरराष्ट्रीय संस्था घेते. चार तासांत १५० बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात आणि नोकरी सांभाळून, क्लास न लावता तिची तयारी करणे शक्य आहे. साहित्याची खरेदी करण्यापूर्वी आयसाकाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळणारा परीक्षेचा आराखडा छापून समोर ठेवावा, कारण प्रत्येक पुस्तक त्याच्याशी ताडूनच घ्यायचे आहे.

हा आराखडा १ ऑगस्ट २०२४ पासून बदलला आहे. पाच विभाग तेच राहिले, परंतु लेखापरीक्षणाच्या प्रक्रियेच्या पहिल्या विभागाचा भार (एकूण प्रश्नांतला वाटा) २१ वरून १८ टक्क्यांवर आला आणि प्रणालींचे परिचालन व व्यवसायाचे सातत्य या चौथ्या विभागाचा भार २३ वरून २६ टक्के झाला. आयसाकाच्या रिव्ह्यू मॅन्युअल या अधिकृत पाठ्यपुस्तकाची २८वी आवृत्ती या नव्या आराखड्यानुसार आहे, तर २७वी २०१९ च्या. सहकाऱ्याकडे २७वी आवृत्ती पडून असेल तर ती वाचायला अवश्य घ्यावी, कारण एन्क्रिप्शनची किंवा बॅकअपची मूलतत्त्वे पाच वर्षांत बदललेली नाहीत. पण कोणत्या विभागाला किती वेळ द्यायचा, हे तिच्यावरून ठरवू नये. हे मॅन्युअल वाचायला रुक्ष आहे, हेही आधीच सांगून ठेवतो. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचण्याचा संकल्प बहुधा दुसऱ्या विभागातच गळतो, म्हणून त्याचा उपयोग संदर्भग्रंथासारखा करावा.

खरा खर्च प्रश्नसंचावर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो निवडताना प्रश्नांची संख्या पाहण्यापेक्षा उत्तरांची स्पष्टीकरणे वाचावीत. समजा, प्रश्न असा आहे : नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे खाते वीस दिवसांनंतरही चालू असल्याचे लेखापरीक्षकाला आढळले, तर त्याने सर्वप्रथम काय करावे? खाते तत्काळ बंद करावे, वरिष्ठ व्यवस्थापनाला कळवावे, खाती आपोआप बंद होण्याची यंत्रणा सुचवावी, की मधल्या काळात त्या खात्याचा वापर झाला होता का हे तपासावे? उत्तर शेवटचे आहे. सुमार संच तेवढे सांगून पुढे जातो. चांगला संच उरलेले तिन्ही पर्याय का चुकतात हेही सांगतो : खाते बंद करणे हे परिचालनाचे काम आहे, लेखापरीक्षकाचे नव्हे, आणि कळवणे किंवा सुचवणे हे दोष किती गंभीर आहे ते समजल्यानंतरचे टप्पे आहेत. ‘सर्वप्रथम’, ‘सर्वाधिक’, ‘सर्वोत्तम’ अशा शब्दांवर ही परीक्षा उभी असल्यामुळे आणि चारही पर्याय वरवर बरोबर वाटत असल्यामुळे ज्या संचात अशी स्पष्टीकरणे नाहीत, तो फुकट मिळाला तरी घेऊ नये. आयसाकाचा स्वतःचा क्यूएई (प्रश्न, उत्तरे व स्पष्टीकरणे) प्रश्नसंच या कसोटीवर उतरतो. त्याचे ऑनलाइन सदस्यत्व बारा महिन्यांचे असते, तेव्हा मूळ वाचन निम्मे झाल्याखेरीज ते घेऊ नये.

पूरक साहित्य आपल्या पार्श्वभूमीप्रमाणे घ्यावे. सनदी लेखापालांना पहिला विभाग ओळखीचा असतो, पण चौथा आणि माहितीच्या सुरक्षेचा पाचवा मिळून ५२ टक्के भार आहे आणि नेटवर्क, फायरवॉल, डिजिटल स्वाक्षरी यांच्याशी त्यांचा संबंध कमी आलेला असतो; त्यांनी नेटवर्किंगचे एखादे प्राथमिक पुस्तक किंवा व्हिडिओमालिका जोडीला घ्यावी. आयसीएआय या सनदी लेखापालांच्या संस्थेच्या डिसा या माहिती-प्रणाली लेखापरीक्षणाच्या अभ्यासक्रमाच्या नोट्स हाताशी असतील तर विषय समजण्यास मदत होते, मात्र ती परीक्षा वेगळी असल्याने तेवढ्यावर विसंबू नये. आयटीमधून येणाऱ्यांची अडचण नेमकी उलटी असते : दोष दिसताच तो दुरुस्त करण्याकडे त्यांचा हात जातो. त्यांनी तांत्रिक पुस्तकांत वेळ न घालवता पहिल्या विभागाचेच प्रश्न अधिक सोडवावेत.

टेलिग्रामवर ‘खरे प्रश्न’ म्हणून फिरणाऱ्या डम्प्सपासून दूर राहावे. परीक्षेतील प्रश्न बाहेर देण्यास आयसाकाची मनाई आहे आणि अशा गैरप्रकारात निकाल रद्द होऊ शकतो. शिवाय त्यांतली उत्तरे कोणी ठरवली, हे कोणालाच ठाऊक नसते.

पैशांचा हिशेब सर्व डॉलरमध्ये करावा लागतो. परीक्षाशुल्क सभासदांना ५७५ आणि इतरांना ७६० डॉलर आहे, तसेच पुस्तकांवर आणि प्रश्नसंचावरही सभासदांना सवलत मिळते. मुंबई आणि पुणे येथे आयसाकाच्या शाखा आहेत. सभासदत्वाच्या आणि शाखेच्या वर्गणीसह बेरीज मांडूनच सभासद व्हायचे की नाही ते ठरवावे.

सराव परीक्षांतील टक्केवारी आणि प्रत्यक्ष गुण यांची गल्लत करू नये. बरोबर उत्तरांची संख्या २०० ते ८०० या मोजपट्टीवर बसवून निकाल लागतो व उत्तीर्ण होण्यास ४५० लागतात, म्हणून ४५० भागिले ८०० करून ‘५६ टक्के पुरेत’ असे सांगणाऱ्या मार्गदर्शकावर विश्वास ठेवू नये. प्रश्न वाचण्याआधीच उत्तर आठवू लागले, तर त्या संचातले गुण निरुपयोगी झाले असे समजावे, आणि दुसरा प्रश्नसंच विकत घेण्याची वेळ तेव्हाच येते.