मामा तलाव दुरुस्त करताय? या चुका टाळा

कोकणातली खारफुटी जपायला राज्याने 2012 मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा केला. माशांच्या पिल्लांना आसरा द्यायचा, गाळ धरायचा, पाण्याचा जोर मोडायचा ही खारफुटीची कामं. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, समुद्र नाही, पण हीच कामं इथे मामा (माजी मालगुजारी) तलावाचा उथळ काठ करतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत मिळून असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी या शेतकरी समाजाच्या मंडळींनी जमिनीचा उतार डोळ्यांनी मोजून ते बांधले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची मालकी, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि गावाचा हात पाळीवरून (तलावाच्या बांधावरून) सुटला. आता दुरुस्तीला पैसा येतो, यंत्रं येतात, आणि त्याच दुरुस्तीत तलावाचा काठ मरतो. हे मी आमच्याच बोडीवर (छोट्या तलावावर) पाहिलं, म्हणून लिहितोय.

पोकलेनने सरसकट खोल खणणं

सगळ्यात मोठी चूक हीच. खोली वाढली की पाणी वाढलं असं वाटतं. पण तुडुमाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या खाली जे साठतं ते आपसूक बांधीत (धानाच्या शेतात) उतरत नाही. त्यासाठी मोटार लावावी लागते. दुसरं असं की तळाशी वर्षानुवर्षं बसलेला चिकणमातीचा थर पाणी धरून ठेवतो. तो फोडून मुरमापर्यंत गेलात तर पाणी खाली मुरतं आणि उन्हाळ्याआधीच तलाव आटतो. आमच्या बोडीचं नेमकं हेच झालं.

तिसरं नुकसान लगेच दिसत नाही. कडा उभ्या कापल्या की गुडघाभर पाण्याचा पट्टाच उरत नाही. देवधान (रानटी धान) तिथेच उगवतं, मासे तिथेच अंडी टाकतात, बगळे आणि बदकं तिथेच चरतात. सारससुद्धा अशाच उथळ, गवताळ पाण्यात किंवा धानाच्या बांधीत घरटं करतो. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरलाय.

म्हणून आधी ठिकठिकाणी हातभर खड्डे करून गाळ किती आणि मुरूम कुठे लागतो ते बघा. काळा गाळ तेवढा काढा, पावसाआधी बांधीत पसरा. 2017 पासूनच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेचा हेतूही तोच आहे. पाळीच्या पायथ्याला खणू नका, आणि काठाचा उतार म्हैस सहज चढेल-उतरेल इतका ठेवा.

बेशरम कापून तिथेच टाकणं

बेशरम हे तलावाकाठी माजणारं झुडूप. त्याची कापलेली कांडी ओल्या मातीत पडली की पुन्हा मुळं धरते. कापणी करून बिल निघतं आणि दोन पावसाळ्यांत झुडूप दुप्पट होतं. पाणी उतरल्यावर, एप्रिल-मे महिन्यात, मुळासकट उपटा. पाळीच्या बाहेर कोरड्या जागी नेऊन कडक वाळवा. पुढची दोन-तीन वर्षं कोंब फुटले का ते बघत राहा. हे झाड विषारी आहे, जनावर शहाणं असलं तरी चाऱ्याच्या टंचाईत तोंड लावतं, तेव्हा ढीग उघडा ठेवू नका.

प्रत्येक पाणवनस्पतीला तण समजणं

जलकुंभी काढाच. पण चिला, कमळ, देवधान हे तण नाही. पाण्याखालची चिल्यासारखी झाडं पाणी निवळ ठेवतात आणि माशांच्या पिल्लांना लपायला जागा देतात. ती गेलेली असतील तर बाजूच्या चांगल्या तलावातून आणून लावता येतात. उन्हाळ्यात काठाची जमीन नांगरून भुसभुशीत करा. पहिल्या पावसाचं पाणी साचलं की मुठी-मुठीने रोवा, अगदी धानाच्या रोवणीसारखं. हे काम ढिवर (मासेमार) बायकांना विचारून करा. कोणती वनस्पती कुठल्या माशाला लागते हे त्यांना माहीत असतं.

बीज टाकलं की मासे वाढले, हा हिशेब

कतला, रोहू, मृगळ यांचं बीज बाहेरून आणावं लागतं, साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी देत नाहीत. मरळ, मागूर, शिंगी मात्र आपल्याच तलावात वाढतात, त्यांना फक्त झाडोरा हवा. त्यात गवत्या मासा सोडला तर तो झाडोरा फस्त करतो. सायप्रिनस मासा चिखल उकरतो, पाणी गढूळ होतं आणि उजेड न मिळाल्याने तळाची झाडं कुजतात. थाई मागूर तर कोणी कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नका, त्यावर बंदी आहे. पहिल्या पावसात मासे प्रवाहाला उलटे चढतात, त्या दिवसांत सलंगेवर (जादा पाण्याच्या वाटेवर) जाळं लावणं म्हणजे वर्षभराचं पीक फुलोऱ्यात कापणं.

सलंग उंच करणं

जादा पाणी वाहून जायची ही वाट. तिच्यावर पोती रचून चार बोटं पाणी वाढतं, पण वरच्या बांध्या बुडतात आणि जोराच्या पावसात पाणी पाळीवरून जातं. मातीची पाळ एकदा वरून वाहिली की टिकत नाही.

पाळ पाझरते आणि तलाव भरत नाही

पाझर निवळ असेल तर तो कुठून येतो त्यावर खूण करून रोज बघा. गढूळ झाला तर पाळीच्या आतली माती वाहतेय. त्याच दिवशी तुडूम उघडून पाणी उतरवा आणि पाटबंधाऱ्याच्या माणसाला बोलवा. पाळीवरचं जुनं झाड घाईने तोडू नका, मेलेली मुळं कुजली की आत नळीसारख्या पोकळ्या होतात. नवी झाडं मात्र पाळीवर लावू नका.

पाऊस बरा होऊनही तलाव भरत नसेल तर खणायच्या आधी येव्याच्या, म्हणजे तलावात पाणी येतं त्या, बाजूने वर चालत जा. बहुतेक वेळा नव्या रस्त्याला मोरीच ठेवलेली नसते, किंवा कोणी नाल्यावर बांध घालून जमीन वाढवलेली असते. जाताना निस्तारपत्रकाची नक्कल सोबत ठेवा. तलावाच्या जमिनीवर गावाचे कोणते हक्क आहेत ते त्यात लिहिलेलं असतं. ती तलाठ्याकडे मागा आणि मोजणीचा ठराव ग्रामसभेत जूनच्या आत घ्या. रोवणी सुरू झाली की मोजणीला कोणी येत नाही.